संग्रहालयांची सहवेदना दालनाआधी कचेरीत दिसावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १८ मे रोजी आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन साजरा होतो आणि त्या निमित्ताने होणाऱ्या लेखांत व भाषणांत अलीकडे सहवेदना आणि समावेशकता हे दोन शब्द हटकून येतात. २०२० सालच्या या दिनाचा विषयच ‘समतेसाठी संग्रहालये : विविधता आणि समावेशकता’ असा होता. पुढे २४ ऑगस्ट २०२२ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने, म्हणजे ‘आयकॉम’ने, संग्रहालयाची नवी व्याख्या ९२ टक्क्यांहून अधिक मतांनी स्वीकारली. संग्रहालय सर्वांना प्रवेशयोग्य व समावेशक असावे आणि त्याचे काम लोकसमूहांच्या सहभागाने चालावे, असे तीत स्पष्टपणे म्हटले आहे. त्याआधी २०१९ मध्ये क्योटोच्या अधिवेशनात व्याख्येचा मसुदा इतका वादग्रस्त ठरला होता, की मतदानच पुढे ढकलावे लागले; त्या मानाने प्रागमधील सहमती लक्षणीय होती. व्याख्या बदलली हे चांगलेच झाले. परंतु व्याख्या बदलली की व्यवहारही बदलला, असा जो समज रूढ होऊ पाहत आहे, त्याबद्दल काही लिहावेसे वाटते.

सहवेदनेची ही सारी चर्चा बहुतांशी प्रेक्षकाच्या मनाभोवती फिरते. प्रेक्षकाला गलबलून यावे, परक्याचे दुःख त्याला आपले वाटावे, यासाठी अंधारलेली दालने, ध्वनिमुद्रित आवाज आणि आभासी वास्तवाचे चष्मे यांची योजना होते. प्रेक्षक हेलावून बाहेर पडतो. संस्था मात्र होती तिथेच राहते. वस्तू कोणाच्या संमतीने मांडली, फलकावरचे वाक्य कोणी लिहिले व छापण्यापूर्वी कोणाला दाखवले, जुन्या नोंदवहीतले अपमानकारक नाव अजून तसेच आहे काय, एखाद्या समाजाने हरकत घेतली तर तिचा निर्णय कोणी करायचा, हे प्रश्न दालनात सुटत नाहीत. ते कचेरीत सुटतात आणि संस्थेच्या सहवेदनेची कसोटी तिथेच लागते.

चांगला हेतू पुरेसा नसतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण टोरांटोच्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियममधील आहे. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे आफ्रिकेतील वस्तूंचे एक प्रदर्शन उघडले. कॅनडातील सैनिकांनी आणि मिशनऱ्यांनी साम्राज्यकाळात आणलेल्या या वस्तू होत्या आणि त्या आणणाऱ्यांची वसाहतवादी दृष्टी उघडी पाडणे हाच प्रदर्शनाचा उद्देश होता. त्यासाठी त्या काळातील गोऱ्या लोकांचे आफ्रिकेविषयीचे तुच्छतेचे शब्द अवतरणचिन्हांत घालून फलकांवर मांडले गेले. अभिरक्षकांच्या, म्हणजे प्रदर्शन रचणाऱ्यांच्या, दृष्टीने तो उपरोध होता. अवतरणचिन्हे पाहून वाचक काय ते समजून घेईल, असे त्यांनी गृहीत धरले. शहरातील कृष्णवर्णीय नागरिकांना मात्र तिथे आपल्या पूर्वजांची निंदा पुन्हा एकदा, तीही एका सार्वजनिक संस्थेच्या भिंतीवर, मोठ्या अक्षरांत लिहिलेली दिसली. निदर्शने झाली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि हे प्रदर्शन पुढे ज्या संग्रहालयांत जायचे होते त्यांनी ते नाकारले. संग्रहालयाने औपचारिक माफी मागितली ती २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे जवळजवळ २७ वर्षांनी.

या प्रकरणाकडे केवळ ‘लोकांना उपरोध कळला नाही’ असे म्हणून पाहणारे अभ्यासक तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते पटत नाही. उपरोध समजण्यासाठी बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात आधीपासून विश्वास असावा लागतो. ज्या संस्थेने एका समाजाशी तोवर कधी बरोबरीच्या नात्याने संवाद केला नव्हता, तिने एकदम थट्टेच्या सुरात बोलावे आणि समोरच्याने ते योग्य अर्थाने घ्यावे, ही अपेक्षाच अवाजवी होती. फलकांचे मसुदे वेळेवर त्या समाजातील वाचकांपुढे ठेवले असते आणि त्यांच्या हरकतीवरून वाक्ये बदलण्याची तयारी दाखवली असती, तर बहुधा प्रदर्शनही वाचले असते आणि त्यामागचा विचारही.

याच्या शेजारी अमेरिकेतील बाल्टिमोरचे उदाहरण ठेवून पाहावे. १९९२ मध्ये फ्रेड विल्सन या कृष्णवर्णीय कलावंताला मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीने आपले कोठार खुले केले आणि आहे त्याच वस्तूंतून नवे प्रदर्शन रचण्यास सांगितले. त्याने एकाच काचपेटीत नक्षीदार चांदीची भांडी आणि गुलामांच्या पायांत घालायच्या बेड्या शेजारी शेजारी मांडल्या आणि त्यावर केवळ ‘धातुकाम, १७९३–१८८०’ एवढाच फलक लावला. दुसऱ्या ठिकाणी ‘सुतारकाम’ या शीर्षकाखाली उंची खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांची तोंडे फटके मारण्याच्या खांबाकडे वळवली होती. इथेही उपरोधच होता आणि टोरांटोपेक्षा कितीतरी धारदार होता. तरीही हे प्रदर्शन संग्रहालयांच्या इतिहासातला एक टप्पा मानले गेले. फरक असा की ज्यांच्या पूर्वजांवर त्या बेड्या चढवल्या गेल्या, त्यांच्यातील एकाच्या हाती इथे मांडणीचा अधिकार होता आणि त्या बेड्या संग्रहालयाच्याच कोठारात इतकी वर्षे पडून होत्या, ही गोष्ट संस्थेने लपवली नाही. प्रेक्षकाला रडवण्यासाठी तिथे संगीत लावावे लागले नाही.

फलकलेखनाशी माझा काही काळ संबंध आला असल्याने आणखी एक सांगतो. फलक हे संग्रहालयातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत प्रभावी लेखन असते. ‘सापडली’, ‘प्राप्त झाली’, ‘भेट मिळाली’ अशा निरुपद्रवी क्रियापदांच्या आड लूट, सक्तीची विक्री आणि थडगी उकरणे दडून राहते. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१५ च्या सुमारास आपल्या संग्रहातील वंशवाचक व अपमानकारक नावे बदलण्याचे काम हाती घेतले. सिमोन मारिस या डच चित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी रंगवलेल्या एका तरुणीच्या चित्राला पूर्वी ‘निग्रो मुलगी’ अशा अर्थाचे नाव होते. मग ते ‘पंखा घेतलेली तरुणी’ झाले आणि आता त्या चित्राची नोंद ‘इसाबेला’ या नावाने आहे. वर्णाने ओळखली जाणारी व्यक्ती तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली, यात कुठलेही भावनिक आवाहन नाही. केवळ चिकाटीचे कारकुनी काम आहे. अशा बदलांना इतिहास पुसणे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की जुने शीर्षक अभ्यासकांसाठी नोंदीत जपून ठेवता येते. भिंतीवर काय लावायचे आणि नोंदीत काय राखायचे, हे दोन वेगळे निर्णय आहेत.

सर्वांत कठीण प्रश्न मानवी अवशेषांचा आहे आणि त्यावर थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. दक्षिण आफ्रिकेतील सारा बार्टमन हिला युरोपात नेऊन तमाशातील वस्तूसारखे दाखवले गेले. १८१५ च्या अखेरीस पॅरिसमध्ये तिचा मृत्यू झाल्यावर तिच्या देहाचे विच्छेदन झाले आणि तिचा सांगाडा व देहाचा साचा पॅरिसच्या संग्रहालयात १९७० च्या दशकापर्यंत लोकांसमोर होता. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला यांनी अवशेषांची मागणी केली. फ्रान्सला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि ९ ऑगस्ट २००२ रोजी तिच्या जन्मभूमीत तिचे दफन झाले. मृत्यूनंतर १८६ वर्षांनी. एवढ्या काळात त्या काचेसमोरून किती विद्वान गेले असतील आणि त्यांतल्या कितींना आपण एका स्त्रीच्या देहाकडे पाहत आहोत असे वाटले असेल, हा प्रश्न मला संग्रहालयांविषयीच्या कोणत्याही सिद्धान्तापेक्षा अधिक अस्वस्थ करतो.

फ्रान्समधीलच रूआन शहराच्या संग्रहालयाने २००७ मध्ये आपल्याकडचे माओरी या न्यूझीलंडच्या मूळ समाजातील व्यक्तीचे गोंदलेले, जतन केलेले शिर न्यूझीलंडला परत देण्याचे ठरवले, तेव्हा केंद्र सरकारने आडकाठी केली. सार्वजनिक संग्रहातील वस्तू संग्रहाबाहेर देता येत नाही, हा तिथला नियम. २०१० मध्ये संसदेने कायदा केला आणि २०११ मध्ये ते शिर परत गेले. दुसऱ्या बाजूला न्यूझीलंडचे राष्ट्रीय संग्रहालय ‘ते पापा’ हे सरकारच्या आदेशानुसार २००३ पासून माओरी आणि मोरिओरी पूर्वजांचे अवशेष जगभरातून परत आणण्याचा कार्यक्रमच चालवत आहे. एका शहराच्या संग्रहालयाची सदिच्छा नियमापुढे चार वर्षे अडून राहिली आणि दुसऱ्या देशाच्या संग्रहालयाला हेच काम नेमून दिलेले आहे. संस्था सहृदय आहे की नाही हे तिच्या कर्मचाऱ्यांच्या स्वभावावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते तिच्या नियमांवर असते, ही बाब या दोन उदाहरणांवरून दिसते.

ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२० मध्ये दक्षिण अमेरिकेतील आकसवलेली मानवी शिरे आणि इतर मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले. ही शिरे त्या संग्रहालयाचे मोठे आकर्षण होते. मुले खास ती पाहायला येत. ती हटवण्यामागचे कारण मुद्दाम सांगण्यासारखे आहे. प्रेक्षक त्या काचपेटीसमोरून परतताना त्या समाजांविषयी अधिक समज घेऊन जाण्याऐवजी ‘रानटी’ आणि ‘आदिम’ हेच शब्द घेऊन जात होते. वस्तू दाखवल्याने ज्ञान वाढते, हा संग्रहालयांचा मूळ विश्वास. या ठिकाणी नेमके उलटे घडत असल्याचे संस्थेने तपासले, मान्य केले आणि काचपेटीत त्या निर्णयाची कारणे मांडली. अमेरिकेत तर आता हे केवळ विवेकावर सोडलेले नाही. मूळ रहिवाशांच्या थडग्यांतील अवशेष आणि पवित्र वस्तूंविषयीचा कायदा तिथे १९९० पासून आहे. जानेवारी २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या नियमांनुसार अशा वस्तू मांडण्यापूर्वी संबंधित जमातींची माहितीपूर्ण पूर्वसंमती घेणे बंधनकारक झाले. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने आपली दोन मोठी दालने बंद केली आणि शिकागोच्या फील्ड म्युझियमने अनेक काचपेट्या झाकल्या. कायदा होऊन तेव्हा ३३ वर्षे उलटली होती, हेही नोंदवायला हवे.

अपंग प्रेक्षकांच्या बाबतीत गोष्ट याहून सोपी आहे आणि म्हणूनच तिथली दिरंगाई अधिक अक्षम्य वाटते. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या प्रौढ व्यक्तीची नजर जमिनीपासून साधारण ११० ते १३० सेंटीमीटर उंचीवर असते. सपाट मांडलेली लहान वस्तू एक मीटरहून वर ठेवली की त्या व्यक्तीला तिची खालची कड तेवढी दिसते. काचपेटीचा आराखडा करतानाच हे पाहिले तर वेगळा खर्च जवळपास येत नाही. बसायला पाठ असलेला बाक, पुरेशा मोठ्या अक्षरांतला फलक, स्पर्श करता येतील अशा प्रतिकृती, गोंगाट आणि प्रखर दिवे सहन न होणाऱ्यांसाठी शांत वेळ, यांत नवल असे काही नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २००६ पासून स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती आणि त्यांची काळजी घेणारे आप्त यांच्यासाठी चित्रे पाहण्याचे खास कार्यक्रम सुरू केले. तिथे कोणाला काही आठवण्याची सक्ती नव्हती. समोरच्या चित्राविषयी या क्षणी काय वाटते, एवढेच बोलायचे होते.

याच संदर्भात एक सावधगिरीचा शब्द. डोळ्यांवर पट्टी बांधून किंवा तासभर चाकाच्या खुर्चीत बसवून ‘अपंगत्वाचा अनुभव’ देणारे उपक्रम लोकप्रिय आहेत. नुकतीच पट्टी बांधलेला माणूस चाचपडतो, घाबरतो आणि अंध व्यक्तीचे आयुष्य म्हणजे हीच भीती, असा चुकीचा निष्कर्ष काढून घरी जातो. १९८८ मध्ये फ्रँकफुर्ट येथे सुरू झालेले ‘डायलॉग इन द डार्क’ हे प्रदर्शन वरवर पाहता याच जातीचे वाटेल, कारण तिथेही प्रेक्षक पूर्ण अंधारात शिरतात. परंतु तिथे वाट दाखवणारे मार्गदर्शक स्वतः अंध असतात. त्या अंधारात सराईत ते असतात आणि अवलंबून राहणारा डोळस असतो. पहिल्या प्रकारातून दया निपजते, दुसऱ्यातून आदर. शिवाय दुसऱ्या प्रकारात अंध व्यक्तीला रोजगार मिळतो, ही बाबही दुय्यम समजू नये.

रोजगाराचा मुद्दा आलाच आहे तर तो पुढे न्यावा. बर्लिनमध्ये २०१५ च्या अखेरीस ‘मुल्तका’ नावाचा उपक्रम सुरू झाला. सीरिया आणि इराक येथून आलेल्या निर्वासितांना प्रशिक्षण देऊन चार संग्रहालयांत मार्गदर्शक नेमले गेले आणि ते आपल्या भाषेत, अरबीत, प्रेक्षकांना दालने दाखवू लागले. त्यांतल्या इस्लामी कला संग्रहालयात अलेप्पो शहरातल्या एका घराच्या रंगवलेल्या लाकडी भिंती आहेत. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या आपल्या देशातील वस्तूविषयी निर्वासिताने यजमान देशात अधिकाराने बोलावे, ही कल्पना मला कोणत्याही हृदयस्पर्शी चित्रफितीपेक्षा मोलाची वाटते. बाल्टिमोर म्युझियम ऑफ आर्टने २०२२ मध्ये आपल्या १७ सुरक्षारक्षकांना संग्रहातून वस्तू निवडून संपूर्ण प्रदर्शन रचू दिले आणि त्या कामाचा मोबदला दिला. चित्रांच्या सान्निध्यात सर्वाधिक तास घालवणारा माणूस रक्षकच असतो. त्याचे मत विचारायला संग्रहालयांना इतकी वर्षे का लागावीत, हे कोडेच आहे.

आणि केप टाउनचे डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम तर वस्तूंपासून सुरू झालेच नाही. १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारने डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती केवळ गोऱ्यांसाठी राखीव ठरवली आणि पुढे सुमारे ६० हजार लोकांना तिथून हलवून घरे पाडली. १९९४ मध्ये तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये हे संग्रहालय उघडले तेव्हा जमिनीवर वस्तीचा भला मोठा नकाशा पसरलेला होता आणि विस्थापित रहिवासी त्यावर आपले घर, आपली गल्ली, आपले दुकान स्वतःच्या हाताने लिहीत होते. तिथे अभ्यासक आणि अभ्यासविषय असे दोन पक्षच उरत नाहीत.

या साऱ्यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी एक मला गंभीर वाटतो. ‘समाजाला विचारा’ असे म्हणणे सोपे असते, पण समाज एकमुखी नसतो. वडीलधारे एक सांगतात, तरुण दुसरे; परदेशी स्थायिक झालेल्यांचे मत गावात राहणाऱ्यांहून निराळे असते; आणि स्वतःला प्रतिनिधी म्हणवणारा प्रत्येक जण प्रतिनिधी असतोच असे नाही. संमतीच्या नावाखाली अप्रिय इतिहास झाकण्याचा दबावही येऊ शकतो. हा धोका खरा आहे. त्यावर माझ्या मते उपाय एकच : मतभेद फलकावर येऊ द्यावेत आणि निर्णय कोणी, कोणत्या कारणाने घेतला ते लिहून जाहीर करावे. ‘भावना दुखावतील’ या सबबीखाली मुकाट्याने वस्तू कोठारात हलवणे ही सहवेदना नव्हे. ती भीती होय आणि तिच्यातून कोणालाच काही कळत नाही. पैशाच्या अडचणीचा आक्षेप मात्र मला तितकासा पटत नाही, कारण ज्या संस्था आभासी वास्तवाच्या चष्म्यांवर आणि भव्य पडद्यांवर खर्च करतात त्यांच्याच फलकांची अक्षरे वाचता येत नाहीत, असे अनेकदा दिसते.

संपादक महोदय, आपल्यासारख्या वृत्तपत्रांना यात करता येण्याजोगे काही आहे. नव्या दालनाची बातमी देताना क्षेत्रफळ, खर्च आणि उद्घाटकाचे नाव यांबरोबर आपल्या वार्ताहरांनी आणखी चौकशी करावी : हे फलक कोणी लिहिले, ज्यांच्याविषयी ते आहेत त्यांपैकी कोणी ते आधी वाचले का आणि त्यांच्या सांगण्यावरून एखादे वाक्य बदलले का, त्यांना त्या कामाचे पैसे दिले का, संग्रहात मानवी अवशेष आहेत का आणि असल्यास त्यांची यादी जाहीर आहे का, विश्वस्त मंडळावर अपंग व्यक्ती किंवा संबंधित समाजातील सदस्य किती आहेत, हरकत नोंदवायची झाल्यास ती कोणाकडे आणि तिचे उत्तर किती दिवसांत. उत्तरे मिळाली तर ती छापावीत. मिळाली नाहीत तर विचारलेले प्रश्न छापावेत.

आपला,
एक नियमित वाचक